दुसरी घंटा

"तुमची मुलगी बोलत नाही," शाळेच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

ड्रायव्हरबाईंना आधी वाटलं, आपण चुकून आत आलो. दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला बोलावलं असणार आणि शिपायाने गडबडीत आपल्याला पुढे घातलं. कारण त्यांच्या मुलीचं घरातलं नावच मुळी भोंगा होतं. डोळे उघडायच्या आत तिचं तोंड उघडायचं. आंघोळीला बसली की साबणाशी बोलायची, जेवायला बसली की ताटातल्या घासांना कुणाचा नंबर आधी ते समजावून सांगायची. तिच्या आजीने एकदा कान दुखतो म्हणून डॉक्टर गाठले, तर डॉक्टरांनी सोबत आलेल्या नातीचं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि आजीच्या कानात काही दोष नाही म्हणून सांगितलं.

"कोण बोलत नाही?" ड्रायव्हरबाईंनी विचारलं.

"तुमची मुलगी. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात एक शब्द नाही. प्रार्थना नाही, गाणं नाही. हजेरी घेतली की नुसता हात वर करते."

टेबलाच्या कडेला वर्गाची टीचर उभी होती. तरुण पोरगी, पहिलीच नोकरी, बोटांना रंगीत खडू लागलेला. "मी सगळं करून बघितलं हो," ती म्हणाली. "लाडाने सांगितलं, रागावून सांगितलं, हातमोज्याची बाहुली करून तिच्याशी बोलले. ती ऐकते सगळं. सांगितलेलं काम सगळ्यांच्या आधी करते. फक्त तोंड उघडत नाही."

सिस्टरांची खोली त्यांच्यासारखीच होती, म्हणजे नीटनेटकी आणि कमी बोलणारी. भिंतीवर क्रूस, कोपऱ्यात निळ्या वस्त्रातली मारियेची मूर्ती, आणि टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर लाकडी मुठीची पितळी घंटा. सिस्टरांनी घंटेचा रुमाल उगाचच सारखा केला आणि म्हणाल्या, "ही टर्म संपेपर्यंत आम्ही वाट बघू. पुढच्या वर्गात तोंडी परीक्षा असते, तिथे हिचं कसं व्हायचं? अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे. चांगली आहे. मी त्यांच्याशी बोलून ठेवते."

"कशा मुलांसाठी?"

"न बोलणाऱ्या."

सिस्टर वाईट हेतूने बोलत नव्हत्या, हे ड्रायव्हरबाईंना दिसत होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. एखाद्याने भांडून काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आपली पोर, जिच्या बडबडीने शेजारी भिंतीवर थापा मारतात, ती मुकी म्हणून कागदावर चढणार आणि जन्मभर ते तिच्या मागे लागणार, हे त्यांना मान्य नव्हतं. पण आवाज त्यांनी तसाच ठेवला, ज्या आवाजात त्या बसच्या दारात लोंबकळणाऱ्यांना आत सरकायला सांगायच्या.

"माझी मुलगी याच शाळेत राहील," त्या म्हणाल्या. "आणि बोलेल."

ही शाळा त्यांनी धार्मिक म्हणून घेतली नव्हती. घरातलं कुणी चर्चची पायरी चढलेलं नव्हतं. शाळा बसडेपोच्या मागच्या गल्लीत होती आणि तिचं फाटक ड्रायव्हरबाईंची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी उघडायचं, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण तो हसला असता. प्रवेशाची चौकशी करायला आल्या तेव्हा पटांगणात मुलांचा नुसता बाजार भरला होता. सिस्टरांनी हीच पितळी घंटा एकदा हलवली, आणि पळणारी मुलं पळता पळता थांबली. एक मुलगा तर एका पायावर थांबला होता. जिथे घंटेला एवढा मान आहे ती शाळा चांगलीच असणार, असं ड्रायव्हरबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कारण त्यांची स्वतःची भाकरी घंटेवर होती. त्यांच्या बसमध्ये मागे कंडक्टरमामा आणि डोक्यावरून गेलेली दोरी. मामांनी दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. मधल्या वेळात प्रवासी काय वाट्टेल ते बोलायचे. "अहो बाई, चढले सगळे, काढा की गाडी." "झोप लागली का काय?" ड्रायव्हरबाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, ओठ मिटून, समोर बघत बसायच्या. दाराशी काय चाललंय ते मामांना दिसतं, आपल्याला दिसत नाही. तेव्हा डबल बेल पडल्याशिवाय चाक हलणार नाही, मग भले मागून खुद्द डेपो मॅनेजर ओरडो. त्यांच्या या हटवादीपणाची डेपोत चेष्टा व्हायची, आणि त्यांच्या गाडीखाली आजवर कुणाची चप्पलसुद्धा आली नव्हती.

हे बाळकडू भोंग्यालाही मिळालं होतं. घरी खुर्च्या ओळीने मांडून बस निघायची. भोंगा पुढे थाळीचं स्टिअरिंग धरून, आजी मागे कंडक्टर, हातात पेला आणि चमचा. दुपारची वेळ, आजीला डुलकी लागायची, आणि गाडी स्टॉपवर तशीच उभी राहायची. आजीला जाग येऊन पेल्यावर दोनदा चमचा वाजेपर्यंत ड्रायव्हर जागचा हलायचा नाही. ड्रायव्हरबाई ड्यूटी संपवून दारात आल्या की हे चित्र बघून त्यांना लेकीचा भारी अभिमान वाटायचा.

तर सिस्टरांची खोली सोडून त्या घरी आल्या आणि बातमी सांगितली. नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जाऊन दुपारी परतायचा. तो आधी मोठ्याने हसला. मग बायकोचा चेहरा बघून थांबला.

"एकही शब्द नाही? अगं, हिला गप्प बसायला पैसे दिले तरी जमायचं नाही."

सासूबाईंनी सरळ निकाल दिला. "मारलं असेल कुणीतरी. पोर धसकलीये. मी आणायला जाते ना, फाटकाबाहेर पाऊल पडायच्या आत हिचा पट्टा सुरू होतो. म्हणजे आत बिचारी जीव मुठीत धरून बसत असणार."

भोंगा तेव्हा खिडकीतल्या मुंगीला रस्ता दाखवत होती. आईने तिला जवळ घेतलं. "काय गं, शाळेत बोलत का नाहीस?"

"शाळेत बोलायचं नसतं," भोंगा म्हणाली. "आई, या मुंगीचं घर कुठे आहे माहितीये? तिलाच माहीत नाही."

"कुणी सांगितलं बोलायचं नसतं म्हणून?"

"सिस्टरनी."

"पण सिस्टर तर म्हणतात, बोल. टीचर पण म्हणतात."

भोंग्याने आईकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती एखाद्या अगदीच बाळबोध प्रश्नाकडे बघायची. "ते असंच म्हणतात गं. आपण नाही बोलायचं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बाप उठून आतल्या खोलीत गेला, कारण त्याला राग आला की तो माणसांसमोर बसत नसे. आणि ड्रायव्हरबाई दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी सिस्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या मुलीला बोलू नकोस असं तुम्ही सांगितलंत?"

"मी?" सिस्टर थक्क झाल्या. "मी तर दिसली की तिला बोलायला लावते. काल विचारलं, बाळा तुझं नाव काय. ती माझ्याकडे बघून हसली आणि ओठ आणखी घट्ट मिटले."

खोटं बोलणाऱ्या प्रवाशाला ड्रायव्हरबाई आरशातून ओळखायच्या. सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. भोंगा तर खोटं बोलायला शिकलीच नव्हती. खरं बोलायलाच एवढं असताना तिला त्याची गरजही नव्हती. मग गोम कुठे होती, ते काही केल्या कळेना.

घरच्यांनी आपापले उपाय केले. बापाने मोबाइलवर लेकीचं बोलणं भरून घेतलं, पाव कसा फुगतो या विषयावर, आणि स्वतः शाळेत नेऊन ऐकवलं. सिस्टरांनी ते सगळं ऐकलं. मध्ये एकदा हसल्याही. "आवाज छान आहे," त्या म्हणाल्या. "पण मला तो इथे ऐकायचाय." सासूबाईंनी नातीला शाळेत बोललीस तर मांजराचं पिल्लू आणू असं कबूल केलं. भोंग्याने बराच विचार केला आणि नको म्हणाली. तिने मांजराला नको म्हटलं, तेव्हा मात्र घरातले सगळेच घाबरले.

ड्रायव्हरबाईंनी ठरवलं, आता आपणच वर्गात जाऊन बसायचं. काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर हलायचं नाही.

"माझ्या खोलीच्या पुढे पालक नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "हा नियम मी येण्याच्या आधीपासूनचा आहे. आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्यांच्या आया आत."

"बरं," ड्रायव्हरबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म घालून पुन्हा फाटकाशी हजर. "सिस्टर, आज बसू द्या."

"नाही."

"बरं."

हे रोजचंच होऊन बसलं. दोघींपैकी कुणीच आवाज चढवत नव्हतं. दोघीही एकाच मातीच्या. फरक एवढाच की एक फाटकाच्या आत होती आणि दुसरी बाहेर. मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांना सकाळची करमणूक झाली. कुणी म्हणायचं, कशाला हुज्जत घालता, शाळा का एकच आहे? कुणी म्हणायचं, या सिस्टर कुणाचं ऐकत नाहीत, आमचा सगळा अनुभव आहे. आणि एक दिवस एका आईने, अगदी सहानुभूतीने, म्हटलं, "आमचा मुलगा घरी सांगतो, आमच्या वर्गात एक मुकी मुलगी आहे. मी त्याला सांगितलंय, तिला त्रास द्यायचा नाही."

त्या दिवशी गाडी चालवताना ड्रायव्हरबाईंना समोरचं धूसर दिसत होतं आणि काच तर स्वच्छ होती. कंडक्टरमामांनी विचारलं, बरं नाही का. त्या म्हणाल्या, धूळ गेली डोळ्यात. मामा शहाणे होते, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी फाटकाशी त्यांनी "बसू द्या" म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तिला वेगळ्या शाळेत पाठवणार. पाठवा. पण आधी तुम्ही जे बघता ते मला दाखवा. मग मी स्वतः तिचा हात धरून घेऊन जाईन, एक शब्द बोलणार नाही. आणि नाही दाखवलंत तर मी टर्म संपेपर्यंत इथेच उभी राहीन, आणि टर्म संपल्यावरही."

सिस्टरांनी फाटकाची कडी उगाचच सारखी केली. मग म्हणाल्या, "एक दिवस. आणि आई म्हणून नाही. मुलं बसतात तसं बसायचं, रांगेत उभं राहायचं. तिच्याशी बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत. आत आलं की नियम सगळ्यांना सारखा."

"कबूल," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. नियम सगळ्यांना सारखा हे वाक्य त्यांना मनापासून आवडलं.

रजा मागितली तेव्हा डेपो मॅनेजरने कुरकुर केली, लहान मुलांच्या वर्गात बसायला रजा हे त्याच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी ती घेतलीच.

ठरलेल्या सकाळी मायलेकी निघाल्या. भोंग्याच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. आई शाळेत येणार, आई वर्गात बसणार, आईला कुठली खुर्ची द्यायची, लाल की पिवळी, पिवळीचा पाय हलतो. गल्लीभर हेच. फाटक आलं, आणि ड्रायव्हरबाईंनी श्वास रोखून धरला, आता हिचं तोंड मिटणार. पण भोंगा फाटकातून आत गेली तरी बोलतच होती. "आणि आई, तिथे एक कपाट आहे त्याच्यात ससा आहे, खरा नाही, कापसाचा, त्याचा कान..."

टण.

सिस्टरांनी पायरीवरून घंटा हलवली होती. सगळं पटांगण थांबलं. ड्रायव्हरबाईही आपसूक थांबल्या, एक पाय पुढे, एक मागे. शेजारी भोंगा वाक्याच्या मध्यात गप्प झाली होती आणि समोर बघत होती. सशाच्या कानाचं काय झालं, ते राहून गेलं.

ड्रायव्हरबाईंच्या मनात काहीतरी हललं. सासूबाई तर म्हणत होत्या, फाटकाच्या आत पोर घाबरते. ही तर फाटकाच्या आत चांगली खणखणीत बोलत आली. पण विचार पुरा करायला उसंत मिळाली नाही. मुलांच्या रांगा झाल्या, प्रार्थना सुरू झाली. प्रार्थना लांबलचक होती आणि लहान वर्गाची चुळबुळ सुरू झाली. कुणी बुटाने माती उकरतंय, कुणी पुढच्याची वेणी चाचपून बघतंय. ठरल्याप्रमाणे टीचरने त्यांना हळूच वळवलं आणि बाजूच्या दाराने आत नेलं. मोठी मुलं प्रार्थना म्हणत मागे राहिली. लहान वर्ग चॅपेलच्या, म्हणजे शाळेतल्या छोट्या चर्चच्या पलीकडे, इमारतीच्या अगदी मागच्या अंगाला होता. बोळ ओलांडला की पटांगणाचा आवाज संपायचा. खोलीत शिरताच पोरांनी कलकलाट केला, एक भोंगा सोडून.

ड्रायव्हरबाईंना लाल खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला लागले. त्यांनी बघितलं, आणि टीचर जे सांगत होती ते सगळं अक्षरशः खरं होतं. हजेरीला भोंग्याने हात वर केला. गाण्याला तिने पाखरू केलं, झाड केलं, वारा तर असा केला की शेजारचा मुलगा सरकून बसला. पण ओठ मिटलेले. टीचरने विचारलं, आकाशाचा रंग कोणता. भोंगा धावत जाऊन निळा खडू घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. उलट पोर कामावर असल्यासारखी दिसत होती.

मग खेळणी निघाली. मोठी लाकडी पेटी, जड झाकण. भोंगा कडेला हात ठेवून आत वाकली होती, आणि एका मुलाने झाकण सोडलं.

बोट सापडलं. ड्रायव्हरबाईंना ते खुर्चीवरून दिसलं. टीचरची पाठ होती, ती दुसऱ्या कुणाचं नाक पुसत होती. भोंग्याने बोट ओढून काढलं, डोळे पाण्याने भरले, गाल थरथरले, छाती वरखाली झाली. पण एक हुंदकाही बाहेर आला नाही. लागल्यावर गल्ली गोळा करणारी पोर ओठ दाताखाली धरून उभी राहिली.

करार, नियम, सिस्टर, सगळं ड्रायव्हरबाईंनी लाल खुर्चीवर सोडलं. त्या उठल्या, लेकीजवळ बसल्या, बोट हातात घेऊन फुंकर घातली. बोट लालबुंद झालं होतं.

"दुखतंय?"

मान हलली. हो.

"मग रड ना बाळा. ओरड."

मान हलली. नाही. भोंग्याने दुसऱ्या हाताने डोळे पुसले, आपल्या जागेवर जाऊन बसली, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि ओठ मिटून समोर बघू लागली.

ते दोन हात ड्रायव्हरबाईंनी नीट बघितले. तसे हात कुठे ठेवतात, ते त्यांना माहीत होतं. त्या स्वतः रोज तसेच ठेवत होत्या. मागून माणसं ओरडत असतात, कुणी लाडाने सांगतं, कुणी रागावतं, आणि आपण असेच हात ठेवून बसतो. पोर घाबरलेली नव्हती, मुकी नव्हती, रुसलेली नव्हती. तिची गाडी स्टॉपवर उभी होती. सकाळी एक टोला पडला होता. दोन टोले अजून पडलेच नव्हते.

त्या तशाच उठून बोळातून सिस्टरांच्या खोलीत गेल्या. दारावर टकटक करायचंही त्यांना सुचलं नाही. घंटा रुमालावर होती.

"सिस्टर, सकाळी तुम्ही एक टोला दिलात. पुढचा कधी देता?"

सिस्टरांनी चष्मा काढला. "प्रार्थना संपली की. दोन टोले देते. मग मुलं बोलत बोलत वर्गात जातात."

"तेव्हा लहान वर्ग कुठे असतो?"

"आत गेलेला असतो. त्यांना एवढा वेळ उभं राहवत नाही म्हणून मीच..." सिस्टर थांबल्या.

"तिथे घंटा ऐकू येत नाही. मी आत्ता तिथेच होते."

"पण बाकीची मुलं बोलतात."

"बाकीची दारातच विसरतात. माझी विसरत नाही. तिला हे मीच शिकवलंय, की एक टोला म्हणजे थांब, आणि दोन पडल्याशिवाय कुणी काही म्हटलं तरी हलायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मुलांना नेमकं काय सांगितलं होतं?"

सिस्टरांनी आठवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "दरवर्षी सांगते तेच. एक टोला पडला की तोंड बंद. दोन टोले पडेपर्यंत बोलायचं नाही, कुणी कितीही बोलायला लावलं तरी." त्या घुटमळल्या. "अगदी मीसुद्धा. त्यावर मुलं हसतात, म्हणून म्हणते."

"ती हसली नसेल," ड्रायव्हरबाई म्हणाल्या.

"आणि सुटीला मी फाटकाशी दोन टोले देते," सिस्टर हळू म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "तेव्हा बोलते ती. आम्हाला वाटायचं, आजी दिसली म्हणून." त्यांनी घंटा उचलली. वाटेत वाजू नये म्हणून तिची जीभ मुठीत धरली, आणि बोळातून ड्रायव्हरबाईंच्याही पुढे निघाल्या. या वयात त्या इतक्या भरभर चालत असतील, असं वाटलं नव्हतं.

दारात सिस्टर आणि हातात घंटा बघून वर्ग चिडीचूप झाला. आपलं काहीतरी चुकलं, असं वाटून टीचर उभी राहिली. सिस्टर खोलीच्या मधोमध आल्या, भोंग्यासमोर थांबल्या आणि घंटा हलवली. टण, टण.

भोंग्याने टेबलाच्या कडेवरचे हात काढले. एक मोठा श्वास घेतला.

"सिस्टर, किती उशीर केलात," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच सिस्टरांना सोसलं नाही. त्यांनी जवळची पिवळी खुर्ची ओढली आणि पाय हलतो याची पर्वा न करता तिच्यावर बसल्या. भोंगा तोवर टीचरकडे वळली होती. तिच्याकडे खूप काम साठलं होतं.

"टीचर, माझं बोट पेटीत सापडलं. खूप दुखलं. आणि टीचर, तुम्ही विचारलं होतं ना, ससा काय खातो, ते मला येत होतं, गाजर. आणि निळी बाटली माझी आहे, ती हा रोज घेतो, पण याला माहीत नाही. आणि एकदा मला शू लागली होती आणि तुम्हाला कळलंच नाही. आणि तुमचं हे गाणं मला पाठ आहे. म्हणू?"

सशाचा धडा होऊन कितीतरी आठवडे लोटले होते. टीचरला आधी तो आठवेना, आणि आठवला तेव्हा ती खाली फरशीवरच बसली. "म्हण," ती म्हणाली. निळ्या बाटलीवाल्या मुलाने मुकाट्याने बाटली आणून दिली आणि भोंग्याच्या तोंडात डोकावून बघितलं, आवाज कुठून येतो ते कळावं म्हणून. भोंग्याने गाणं म्हटलं. सगळी कडवी म्हटली, आणि संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

गाणं संपेस्तोवर सिस्टर घंटा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग उठल्या आणि ड्रायव्हरबाईंना बोळात घेऊन आल्या. "त्या दुसऱ्या शाळेला मी आत्ता फोन करून नको म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "तिची जागा इथेच आहे. आणि माझं चुकलं."

एखादी आई एवढ्यावर विरघळली असती. ड्रायव्हरबाईंच्या डोळ्यांसमोर ते लाल बोट होतं.

"अजून एक राहिलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलांना सांगा. लागलं, दुखलं, शू लागली, कुणी पडलं, तर घंटेची वाट बघायची नाही. लगेच बोलायचं. एक टोला पडलेला असला तरी."

"बरोबर आहे. उद्या प्रार्थनेला सांगते."

"आज, सिस्टर."

सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग घंटा सरळ केली आणि वर्गावर्गांतून सांगायला निघाल्या.

संध्याकाळी ड्रायव्हरबाईंनी घरी पुन्हा खुर्च्या मांडल्या आणि स्वतः मागच्या खुर्चीवर बसल्या. भोंग्याने बांधलेलं बोट सांभाळत थाळी धरली. आजीने पेल्यावर एक टोला दिला, गाडी थांबली.

"आता ऐक," आई म्हणाली. "गाडी उभी आहे, डबल बेल नाही झाली, आणि ड्रायव्हरला दिसलं की कुणाला लागलंय. किंवा ड्रायव्हरचंच बोट दारात सापडलं. तर ड्रायव्हर काय करतो?"

"गप्प बसतो."

"नाही. ड्रायव्हर ओरडतो. जेवढ्या मोठ्याने येईल तेवढ्या मोठ्याने. त्याला कुठलीच बेल लागत नाही."

भोंग्याने थाळी खाली ठेवली. मागे वळून आईकडे बघितलं. "हे तू आधी नव्हतं सांगितलंस," ती म्हणाली.

"नव्हतं सांगितलं," आई म्हणाली. आणि तिने आपली मांडी थोपटली. भोंगा आली आणि मांडीवर बसली आणि सशाच्या कानाचं काय झालं ते सांगायला लागली. सकाळी तेवढंच अर्धं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला फाटकात सोडून ड्रायव्हरबाई डेपोकडे वळल्या, तोच आत टोला पडला. त्या सवयीने रस्त्यातच थांबल्या. भिंतीपलीकडे सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत एक ओळखीचा आवाज उठला, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"सिस्टर, याच्या बुटाची नाडी सुटलीये. हा पडेल."

"शाबास," सिस्टरांचा आवाज आला. "बांध रे नाडी. आम्ही थांबलोय."

मग प्रार्थना झाली. ड्यूटीची वेळ होत आली होती. कंडक्टरमामा डेपोत घड्याळ बघत असणार. ड्रायव्हरबाई उभ्याच राहिल्या. प्रार्थना संपली, दोन टोले पडले आणि मोठ्या मुलांचा गलका सुरू झाला, तरी त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने चॅपेलच्या मागून, लांबून, पुसटसे आणखी दोन टोले ऐकू आले. तेव्हा त्यांनी पाऊल उचललं आणि गाडी काढायला निघाल्या.